अख्ख्या हार्डडिस्कचा बॅकअप: कारखान्यातला जुना पीसी, सॉफ्टवेअरची सीडी हरवलेली, काय करावं?

टाका_धागा

नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या युनिटमध्ये डिझाईनचं बघतो. आमच्या डिझाईन रूममध्ये एक जुना पीसी आहे, विंडोज ७, ३२ बिट, हार्डडिस्क ३२० जीबी, त्यातली साधारण १४० जीबी भरलेली. त्याच्यावर जॅकार्डचं, म्हणजे लूमवर (मागावर) नक्षी विणायचं, डिझाईन सॉफ्टवेअर आहे. त्यातनं फाईल काढायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि लूमच्या कंट्रोलरला द्यायची, एवढंच त्याचं काम, पण अख्खं युनिट त्या "एवढंच"वर चालतंय. सॉफ्टवेअरची सीडी मालकांच्या वडिलांच्या काळातली, ती कुठं गेली कुणाला माहीत नाही. डोंगल आहे, म्हणजे जो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही तो, यूएसबीचा, सीपीयूच्या मागं लावलेला. ज्यांनी विकलं त्यांचा फोन लागत नाही.

आता मशीन चालू व्हायला फार वेळ लावतंय आणि मधेच आतनं खट्ट खट्ट आवाज येतो. डिझाईनच्या फाईली मी रोज पेन ड्राइव्हवर घेतोच, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की डिस्क गेली तर सॉफ्टवेअर परत कुठनं आणू? म्हणून अख्खी डिस्क जशीच्या तशी, विंडोज, सॉफ्टवेअर, लूमची सगळी सेटिंग यांच्यासकट दुसरीकडं उतरवून ठेवायची आहे आणि वेळ आली तर ती लावल्यावर मशीन होतं तसं चालू झालं पाहिजे. हे होतं का? एकाला विचारलं तर म्हणाला असं काही होत नसतं, फॉरमॅट मारावा लागेल.

सातरस्तेवाला

होतं. आणि फॉरमॅट सांगणाऱ्याला त्या मशीनच्या आसपास फिरकू देऊ नका.

कडकभाकरी

डिस्क खट्ट खट्ट करूलाली आणि तुम्ही इथं निवांत लिहित बसलाव होय वो? आधी मशीन बंद करा की!

घोस्टमास्टर

कडकभाकरी चेष्टेत बोलला असेल पण मुद्दा खरा आहे. आवाज करणारी डिस्क जितका वेळ फिरेल तितकी जास्त जाणार. आजपासून ते मशीन कामापुरतं चालू करा, ते पण अगदीच अडलं तर. आणि दुसरी गोष्ट, कुणीतरी येऊन तुम्हाला चेकडिस्क चालवा म्हणून सांगेल, ते आत्ता अजिबात चालवू नका. चेकडिस्क फाईल सिस्टिम दुरुस्त करायला जातं, त्यात ते लिहितं आणि पूर्ण स्कॅन लावला तर सगळी डिस्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचतं. आधीच दमलेल्या डिस्कला तेवढं झेपत नाही. आधी कॉपी, मग दुरुस्ती, आणि ती पण कॉपीवर.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मी नव्या पेठेत बरीच वर्षं हार्डवेअरचं काम केलंय. पूर्वी इन्स्टिट्यूटच्या लॅबमध्ये वीस-पंचवीस मशीन असायच्या, एकावर विंडोज, ऑफिस, टॅली सगळं टाकायचं आणि बाकीच्यांवर "घोस्ट मारायचा". नॉर्टन घोस्ट, निळी-करडी स्क्रीन, आठवत असेल लोकांना. सिमॅन्टेकनं ते २०१३ मध्ये बंद केलं, पण तेच काम आता फुकटात करणारं क्लोनझिला आहे, तैवानच्या सरकारी कंप्युटिंग सेंटरमधल्या लोकांनी केलेलं. पेन ड्राइव्हवर टाकायचं, मशीन त्या पेन ड्राइव्हवरनं बूट करायचं, म्हणजे तुमचं विंडोज झोपलेलं असतं आणि डिस्कवरची एकही फाईल वापरात नसते.

त्यात दोन रस्ते आहेत. एक म्हणजे क्लोन, डिस्कवरनं थेट दुसऱ्या डिस्कवर, दुसरी लगेच बूट होते. दुसरा म्हणजे इमेज, अख्ख्या डिस्कचं गाठोडं करून एक्स्टर्नल हार्डडिस्कवर फोल्डरमध्ये ठेवायचं, पाहिजे तेव्हा तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर सोडवायचं. इमेजमध्ये विंडोजच्या पार्टिशनची फक्त भरलेली जागा घेतली जाते आणि ती दाबली पण जाते, त्यामुळं तुमचे १४० जीबी त्याहून कमी जागेत बसतील. तुम्हाला दोन्ही पाहिजे.

टाका_धागा

मशीन बंद केलंय. आजचं डिझाईन कालच दिलेलं होतं म्हणून निभावलं. घोस्टमास्टर, दोन्ही कशाला? क्लोन झाला की झालं ना?

उंटावरचा

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय. सीडी नाही, विक्रेता सापडत नाही, मशीन जुनं. अशा गोष्टीचा बॅकअप घेणं म्हणजे प्रश्न पुढं ढकलणं आहे. डिस्क वाचवाल, उद्या मदरबोर्ड गेला तर? नवीन सॉफ्टवेअर घ्या, नवीन मशीन घ्या, डिझाईनच्या फाईली तुमच्याकडं आहेतच. अख्ख्या डिस्कचे बॅकअप हा प्रकारच मला कालबाह्य वाटतो. मी हिंजवडीत बसतो, माझा लॅपटॉप आज चोरीला गेला तर संध्याकाळपर्यंत दुसऱ्यावर सगळं परत उभं राहतं, इमेज-बिमेज काही नाही.

बार्शीकर

हिंजवडीतला लॅपटॉप कंपनीचा असतो हो साहेब.

सातरस्तेवाला

उंटावरचा, तुमचं म्हणणं घरच्या मशीनला शंभर टक्के बरोबर आहे. माझ्या स्वतःच्या पीसीची मी इमेज घेत नाही, फोटो आणि कागदपत्रं तेवढी दोन जागी ठेवतो, कारण विंडोज काय परत टाकता येतं. पण टाका_धागा यांची गोष्ट उलटी आहे. त्यांच्या फाईली सुरक्षित आहेत आणि जे परत मिळणार नाही ते सॉफ्टवेअर आहे. जे परत टाकता येत नाही त्याच मशीनची इमेज घ्यायची असते.

आणि नवीन सॉफ्टवेअर म्हणजे काय फक्त बिल भरणं आहे का? जुन्या फाईली त्यात उघडतील का, लूमचा कंट्रोलर त्याची फाईल वाचेल का, हे सगळं बघेपर्यंत मशीन उभी ठेवायची?

उंटावरचा

मान्य, लूमच्या बाजूचं मला माहीत नाही. पण मदरबोर्डचा मुद्दा राहतोच.

अनघा_जुळेसोलापूर

मी टॅक्सची कामं बघते. घरी लॅपटॉप, ऑफिसात दोन पीसी. टाका_धागा, एक सांगते, क्लोन करून तो कपाटात ठेवू नका. उलटं करा. नवीन डिस्क मशीनमध्ये लावा, तिच्यावर काम सुरू करा आणि जुनी डिस्क कपाटात ठेवा. म्हणजे कॉपी नीट झाली का नाही ते तुम्हाला त्याच दिवशी कळेल, दोन वर्षांनी गरज लागल्यावर नाही. आमच्याकडं आधी एक जण "बॅकअप घेतलाय मॅडम" म्हणून एक्स्टर्नल डिस्क देऊन जायचा, त्याच्यात काय आहे कुणी उघडून बघितलंच नव्हतं. जुलैच्या रिटर्नच्या गडबडीत बघितलं तर डेस्कटॉपवरचे शॉर्टकट होते नुसते. टॅलीचं डेटा फोल्डर नव्हतंच.

कडकभाकरी

शॉर्टकटचा बॅकअप 😂😂 लई भारी

मंगळवेढा_ज्वारी

हसू नका, आमच्या पतसंस्थेत पण हेच होतं. फक्त तिथं डी ड्राइव्हवर बॅकअप होता. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतात हे सांगितल्यावर साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

प्रेसलाईन

वाचतोय. आमच्या प्रेसमध्ये पण एक एक्सपीचं मशीन आहे, त्याच्यावर पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट, लग्नपत्रिकांचं वीस वर्षांचं काम त्यात आहे. त्या फॉन्टमधला मजकूर नव्या मशीनवर उघडला की सगळं गिचमिड दिसतं. म्हणजे फाईल असून उपयोग नाही, तो फॉन्ट, ते सॉफ्टवेअर, ते विंडोज, सगळं एकत्र पाहिजे. सातरस्तेवाला म्हणतात ते पटलं.

घोस्टमास्टर

टाका_धागा, दोन्ही कशाला ते अनघाताईंच्या उत्तरातनं अर्धं आलंय. क्लोनवर काम सुरू केलं की उद्यापासून तोच तुमचा एकमेव चालू माल. जुनी डिस्क कपाटात आहे, पण ती मरायला टेकलेली, तिला बॅकअप म्हणता येत नाही. म्हणून इमेज वेगळी पाहिजे.

क्रम असा ठेवा. क्लोनसाठी २.५ इंची साटा एसएसडी (आत काही न फिरणारी डिस्क, साटा केबलनं लागणारी) आणा, ५०० जीबीच्या आसपासची. नवीन डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही, क्लोनझिला तिथंच अडतं, जरी आत माल कमी असला तरी. एनव्हीएमई, ती पट्टीसारखी असते ती, घेऊ नका, विंडोज ७ ला तिचा ड्रायव्हर मुळात येत नाही आणि तुमच्या बोर्डावर ती जागाही नसणार.

एसएसडी केसिंगमध्ये घालून यूएसबीला लावू नका, सीपीयू उघडून दुसरी साटा केबल वापरून आतच लावा. जुन्या मशीनचं यूएसबी २.० असतं, ते सेकंदाला तीसेक एमबीवर अडकतं, १४० जीबीला सव्वा तास तरी. साटावर त्याच्या निम्म्याहून कमी वेळ लागेल, डिस्क ठणठणीत असती तर. तुमची मधे मधे अडखळणार, तेव्हा वेळेचं काही खरं नाही.

क्लोनझिला कुठली डिस्क कुठं हे विचारतं आणि दोनदा खात्री करून घेतं. इथं डोळे उघडे ठेवायचे, उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग देव पण काही करू शकत नाही. दोन्ही डिस्कांचे मॉडेल नंबर आधी कागदावर लिहा आणि साईज बघून निवडा. तुमच्या दोन्हींची साईज वेगळी आहे ते बरंच आहे.

खराब सेक्टर लागले तर साधा क्लोन मधेच थांबतो, त्यासाठी एक्स्पर्ट मोडमध्ये रेस्क्यू म्हणून पर्याय आहे, तो वाचता न येणारी जागा सोडून पुढं जातो. तरी नाही जमलं तर जीएनयू डीडीरेस्क्यू. ते आधी चांगला भाग पटापट उचलतं, खराब जागा शेवटी परत परत वाचून बघतं आणि कुठपर्यंत झालं त्याची नोंद ठेवतं, त्यामुळं मधे लाईट गेली तरी तिथनं पुढं सुरू करता येतं.

कडकभाकरी

लाईट जाणारच. यूपीएस लावा वो. उन्हाळ्यात एमआयडीसीत दुपारी काम काढू नका, ४३ डिग्रीत पत्र्याखाली तुमच्या आधी डिस्कच घाम गाळंल.

रिकामा_बॉबिन

एक अवांतर. टाका_धागा यांच्या कारखान्यात जुने पुठ्ठे आहेत का अजून? आमचे आजोबा अशोक चौकाजवळ एका कारखान्यात पुठ्ठे पाडायचे, म्हणजे जॅकार्डचं कार्ड पंचिंग. चादरीवर मोर काढायचा तर एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा, असे शेकडो पुठ्ठे दोऱ्यानं ओवलेले. डिझाईन म्हणजे तोच गठ्ठा. एखादा पुठ्ठा फाटला की तेवढाच नवा पाडून मधे ओवायचे. चालणाऱ्या डिझाईनचा दुसरा सेट पाडून माळ्यावर ठेवलेला असायचा.

फ्रान्समध्ये जॅकार्डनं हे १८०४ च्या सुमारास काढलं आणि पुढं बॅबेजनं आपल्या मोजणीच्या यंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. बॅबेजकडं जॅकार्डचं रेशमात विणलेलं चित्र होतं, त्याला २४,००० पुठ्ठे लागले होते म्हणे. म्हणजे कंप्युटरचा जन्मच आपल्या लायनीत झालाय, आणि आता कंप्युटर बिघडला म्हणून लूम थांबतोय.

टाका_धागा

आहेत की. माळ्यावर आहेत, उंदरांनी निम्मे खाल्लेत. जुने मास्तर अजून म्हणतात तुमच्या पेन ड्राइव्हपेक्षा माझे पुठ्ठे बरे, हातात घेऊन दिसतं तरी काय गेलंय ते.

बार्शीकर

उंदीर म्हणजे त्या काळचा व्हायरस. घ्या, मास्तरांचा पण बॅकअप नव्हता.

उंटावरचा

रिकामा_बॉबिन, मस्त माहिती. आणि माझा मदरबोर्डचा प्रश्न कुणीच घेतला नाही.

सातरस्तेवाला

घेतो. प्रश्न रास्त आहे. इमेजनं डिस्क वाचते, मशीन वाचत नाही. विंडोज ७ ची इमेज आजच्या नव्या पीसीवर सोडवली तर बहुतेक चालणार नाही. नव्या मशीनच्या यूएसबी ३ चा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये नाही, म्हणजे समजा बूट झालं तरी कीबोर्ड-माऊस मेलेले. शिवाय बऱ्याच नव्या बोर्डांवर जुन्या पद्धतीचं बायोस बूटच (बायोस म्हणजे मशीन चालू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) काढून टाकलंय, नुसतं यूईएफआय, म्हणजे त्याची नवी पद्धत, आणि ३२ बिट विंडोज ७ तिथं उभंच राहत नाही.

म्हणून दोन तोडगे. पहिला अगदी साधा, त्याच मॉडेलचा जुना बोर्ड किंवा अख्खा सीपीयू सेकंडहँड घेऊन ठेवायचा, अजून मिळतोय तोवर. दुसरा म्हणजे त्या डिस्कचं व्हर्च्युअल मशीन करायचं, म्हणजे नव्या पीसीच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला जुना पीसी. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समध्ये डिस्कटूव्हीएचडी नावाचं छोटं फुकट टूल आहे, ते चालू विंडोजचीच व्हर्च्युअल डिस्क बनवतं. ती नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये लावली की खिडकीच्या आत जुनं विंडोज ७ चालू. तुमचा डोंगल यूएसबीचा आहे म्हणून आशा आहे, तो आतल्या मशीनला जोडून देता येतो. जुना पॅरलल पोर्टचा असता तर अवघड होतं. मात्र सगळेच डोंगल व्हर्च्युअलमध्ये चालू देत नाहीत, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि हे टूल मरणाऱ्या डिस्कवर चालवू नका, क्लोन झाल्यावर क्लोनवर चालवा.

उंटावरचा

हे उत्तर पटलं. व्हर्च्युअलचा मार्ग माझ्या डोक्यात यायला हवा होता खरं तर.

निवांत_मोहोळ

माझा एक अनुभव जोडतो, कुणी लिहिला नाही म्हणून. मशीन उघडायच्या आधी बायोसमध्ये जा आणि सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. खास करून साटा मोड (बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलतो ते), आयडीई आहे का एएचसीआय ते. जुन्या मशीनचा सेल मेलेला असतो, प्लग काढला की बायोस सगळं विसरतं, परत चालू केल्यावर कंपनीच्या सेटिंगवर जातं, मोड बदलतो आणि विंडोज ७ निळी स्क्रीन दाखवून उलटं पडतं, खाली ०x७बी असं काहीतरी लिहिलेलं असतं. माणसाला वाटतं क्लोन फसला. क्लोनचा काही दोष नसतो. मोड पूर्वीसारखा केला की गाडी रुळावर.

घोस्टमास्टर

वा मोहोळकर, हे सोन्यासारखं सांगितलंत. अजून एक, क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्का लावून मशीन चालू करू नका. दोन्हींची डिस्क सिग्नेचर, म्हणजे विंडोज डिस्क ओळखतं तो नंबर, एकच असते, विंडोज गोंधळतं आणि एकीची सही बदलतं किंवा तिला ऑफलाईन टाकतं. बंद करा, जुनी काढा, मग चालू करा.

प्रेसलाईन

आणि ते विंडोजमध्येच कंट्रोल पॅनलला सिस्टिम इमेज म्हणून असतं ते? फुकटात आहे की.

घोस्टमास्टर

आहे, चालतं पण. विंडोज १० आणि ११ मध्ये अजून "विंडोज ७" असं कंसात लिहून ठेवलंय त्यांनीच, आणि मायक्रोसॉफ्ट त्याच्यावर आता काही काम करत नाही. त्याचं फोल्डर तयार होतं ते एक्स्टर्नल डिस्कच्या अगदी वरच ठेवायचं, नाव बदलायचं नाही, दुसऱ्या फोल्डरमध्ये ढकलायचं नाही, नाहीतर रिस्टोरच्या वेळी "इमेज सापडत नाही" म्हणतं. लोक नेमकं तेच करतात, "प्रेस बॅकअप दिवाळी" असं नाव देऊन ठेवतात. शिवाय पूर्वीच्या डिस्कपेक्षा लहान डिस्कवर ते उतरत नाही. आणि एक्सपीला हे नाहीच, तुमच्यासाठी क्लोनझिलाच. पूर्वी इमेज घ्यायला मॅक्रियम या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती सगळ्यांना सांगायचो मी, ती २०२४ च्या जानेवारीत बंद झाली. ज्यांना क्लोनझिलाची काळी स्क्रीन नको वाटते त्यांनी रेस्क्यूझिला बघा, माऊसवर चालतं आणि क्लोनझिलाची इमेज त्याला समजते.

कॉफी_पार्कचौक

एवढं सगळं कशाला, गुगल ड्राइव्हला टाका ना सगळं. मी तर सगळं तिथंच ठेवते.

अनघा_जुळेसोलापूर

विंडोज आणि सॉफ्टवेअर गुगल ड्राइव्हवर टाकून ते परत चालू होत नाही गं. आणि फाईलींच्या बाबतीत पण, सिंक चालू असेल तर इथं उडवलं की तिथं पण उडतं. कचऱ्यात ३० दिवस राहतं, तेवढ्यात लक्षात आलं तर नशीब. रॅन्समवेअर आलं आणि फाईली लॉक झाल्या तर लॉक झालेल्याच वर चढतात. मी ड्राइव्ह वापरते, पण टॅलीचा डेटा त्याशिवाय एक्स्टर्नल डिस्कवर आठवड्याला घेते आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवते. कायम लावून ठेवलेली डिस्क व्हायरसला पण दिसतेच की.

मंगळवेढा_ज्वारी

+१. आणि ती डिस्क ऑफिसातच ठेवू नका. टॉवेलच्या कारखान्यात आग लागली तर काय होतं ते सोलापुरात कुणाला सांगायला नको. कारखान्यातली घरी, घरची कारखान्यात.

टाका_धागा

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. रविवारी लूम बंद असताना केलं. मालक पण येऊन बसले होते, त्यांच्यासमोर सीपीयू उघडला तर आत कापसाचा एवढा थर होता की पंखा फिरतोय ते नवल. ब्लोअर मारला. मॉडेल नंबर कागदावर लिहिले, बायोसचे फोटो काढले (निवांत_मोहोळ, तुम्हाला चहा लागू). यूपीएस लावला.

क्लोनझिलाचा साधा क्लोन थोडा पुढं जाऊन थांबला, एरर दाखवला. मग घोस्टमास्टर म्हणाले तसं रेस्क्यू पर्याय लावून परत सुरू केला. शेवटाकडं एका जागी बराच वेळ अडकून बसला, तेव्हा मालकांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, पण झाला पूर्ण. जुनी डिस्क काढली, एसएसडी लावली, चालू केलं आणि निळी स्क्रीन! ०x७बी. मालक म्हणाले गेलं सगळं. मी बायोसमध्ये गेलो तर तारीख २००९ ची आणि साटा मोड एएचसीआय झालेला. फोटोत आयडीई होता. तो बदलला, तारीख नीट केली, आणि विंडोज आलं. चेकडिस्क एकदा आता एसएसडीवर चालवलं, दोन-तीन फाईली दुरुस्त केल्या म्हणाला, त्या जुन्या गाण्यांच्या होत्या. सॉफ्टवेअर उघडलं, डोंगल लागला, एक टॉवेलची बॉर्डर काढून लूमला दिली, विणून आली. बायोसचा सेल पण बदलला, तो नेहमीचा सीआर२०३२.

त्यानंतर एसएसडीची इमेज एक्स्टर्नल डिस्कवर घेतली, शेवटी क्लोनझिला "इमेज तपासू का" विचारतं त्याला हो म्हटलं. ती डिस्क आता माझ्या घरी आहे. जुना सीपीयू बघायला सांगितलंय, त्याच बोर्डाचा.

निवांत_मोहोळ

चहा नको, टॉवेल चालेल 😀

कडकभाकरी

मालकाच्या तोंडाकडं बघवत नव्हतं 😂 आता पगारवाढ मागा की अण्णा, हीच वेळ हाय.

घोस्टमास्टर

अभिनंदन! एक राहिलं. ते सॉफ्टवेअर डोंगलवर चालतं म्हणून तुमचं निभावलं. काही सॉफ्टवेअर डिस्कच्या सिरियल नंबरवर लायसन बांधतात. क्लोनमध्ये पार्टिशनचा नंबर तसाच येतो पण डिस्कचा कारखान्यातला नंबर बदलतो, मग ते परत ॲक्टिव्हेट करा म्हणतं. प्रेसलाईन, तुम्ही करायच्या आधी हे बघून घ्या. आणि टाका_धागा, आता तुमच्याकडं सगळ्यात नाजूक वस्तू तो डोंगल आहे. त्याची इमेज निघत नाही. मागं लावलाय म्हणालात ना, झाडू मारताना बाईचा धक्का लागून तुटलेले मी बघितलेत. छोट्या एक्स्टेन्शन केबलनं वर घ्या आणि टेबलाला बांधून टाका.

टाका_धागा

हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच करतो.

अनघा_जुळेसोलापूर

थोडं धाग्याबाहेरचं, पण घोस्टमास्टर, माझा नवीन लॅपटॉप विंडोज ११ चा आहे. त्याची क्लोनझिलानं इमेज घेऊ गेले तर पूर्ण ५१२ जीबी घ्यायला लागलं, आत तर ९० जीबीच आहे. असं का?

सातरस्तेवाला

बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं. किंवा त्याचाच धाकटा भाऊ, डिव्हाइस एनक्रिप्शन. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं, होम आवृत्तीवर पण, आणि आपल्याला कुणी ठळकपणे सांगत नाही. बाहेरनं बूट केलं की क्लोनझिलाला आत काय भरलंय ते दिसत नाही, सगळंच कुलूपबंद, म्हणून ते कोऱ्या जागेसकट सगळे सेक्टर उचलतं. दाबता पण येत नाही तो माल. अशा लॅपटॉपला विंडोजच्या आतनं चालणारं टूल बरं, व्हीमचं फुकट एजंट आहे, ते फक्त भरलेलं घेतं. पण लक्षात ठेवा, आतनं घेतलेली इमेज कुलुपाशिवाय असते, ती डिस्क कुणाच्या हातात पडली तर सगळ्या क्लायंटचे पॅन आणि रिटर्न उघडे. इमेजला पासवर्ड लावा.

आणि काही करायच्या आधी ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का ते बघा आणि कागदावर उतरवा. बोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ती मागतं, आणि नसली तर ती डिस्क म्हणजे नुसता धातू.

अनघा_जुळेसोलापूर

बघितलं, आहे. पण अकाउंट मुलाच्या ईमेलवर आहे, लॅपटॉप त्यानं चालू करून दिला होता. लिहून घेतली, डायरीत.

कॉफी_पार्कचौक

माझी पण बघितली, माझी तर भावाच्या ईमेलवर निघाली आणि त्याला पासवर्ड आठवत नाहीये 🙁

घोस्टमास्टर

मग आजच तुमच्या फाईली बाहेर काढून घ्या, लॅपटॉप चालू आहे तोवर सगळं उघडं आहे. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन एनक्रिप्शन बंद करा, पूर्ण उलगडेपर्यंत चार्जर लावून ठेवा, आणि मग तुमच्या स्वतःच्या अकाउंटवर परत चालू करा. बायोस अपडेटचा मेसेज आला तर हे होईपर्यंत हो म्हणू नका, त्यानंतर पण ती की मागितली जाऊ शकते.

प्रेसलाईन

टाका_धागा, ती क्लोनझिलाची पेन ड्राइव्ह दोन दिवस मिळेल का? भय्या चौकात आहे प्रेस. एक्सपीचं मशीन पुढच्या लग्नसराईआधी उरकून टाकतो.

टाका_धागा

या की. शनिवारी संध्याकाळी आलात तर गेटवर देतो, यूपीएस मात्र तुमचा तुम्ही बघा. आणि एक्सपीवाली डिस्क जुन्या चपट्या केबलची आहे का साटाची, ते आधी उघडून बघून इथं लिहा, म्हणजे घोस्टमास्टर काय आणायचं ते सांगतील.

प्रेसलाईन

उघडलं. चपटी, रुंद केबल आहे, करडी. 😐

घोस्टमास्टर

आयडीई, साटाच्या आधीची जुनी जोडणी. मग एसएसडी सरळ लागणार नाही. आयडीई ते साटा कन्व्हर्टर मिळतो, छोटा हिरवा बोर्ड असतो, माझ्याकडं एक पडलेला असावा. शनिवारी मी पण येतो गेटवर.